घरच्या दुखण्याची आगाऊ तरतूद

वार्षिक नोंदणीच्या दिवसांत सीमाभागातील आमच्या कुटुंबांसाठी चार शब्द

उसाच्या तोडी सुरू झाल्या, दूधगंगेच्या काठचे मळे मोकळे होऊ लागले आणि आगमनकाळाचे रविवार जवळ आले, म्हणजे सदलगा, बोरगाव, एकसंबा, बेडकिहाळ या पट्ट्यातील सोसायट्यांच्या फळ्यावर एक कागद बहुधा लागलेला दिसतो. यशस्विनी योजनेची नोंदणी, वर्गणीचा आकडा आणि शेवटची तारीख एवढाच त्यातील मजकूर. कागद कानडीत असतो, आणि ज्यांचे शिक्षण मराठी शाळेत झाले ते त्याच्याकडे एकदा पाहून कर्जाच्या खिडकीकडे वळतात. तारीख निघून जाते. पुढे वैशाखात घरच्या कर्त्या पुरुषाच्या छातीत कळ येते, किंवा सुनेच्या पोटात गाठ निघते, आणि मग त्या कागदाची आठवण होते. तेव्हा मात्र सोसायटीचा चिटणीस हात जोडून सांगतो, की आता पुढच्या वर्षी या.

दुखण्यापायी दुभती म्हैस बाजारात गेली, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले डाग गहाण पडले, अर्धा एकर मळा सावकाराच्या नावे झाला, अशी घरे कोणत्या गावात नाहीत? दुष्काळ आणि महापूर सर्व गावावर एकदम येतात, म्हणून त्यांचा बोभाटा होतो. दुखणे एकेका घरात चोरपावलांनी शिरते आणि ते घर एकट्याने बसते. या विषयावर आमच्या कुटुंबांनी शांतपणे बसून विचार करावा, नोंदणीच्या दिवसांत कोणती योजना घ्यावी, कोणती आपल्या उपयोगाची नाही, हे पारखून घ्यावे, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

विमा म्हणजे देवावरील अविश्वास नव्हे

प्रथम एका शंकेचा निरास केला पाहिजे. आमच्यातील काही वडीलधारी माणसे म्हणतात, ‘दुखणे देणारा देव, बरे करणारा देव, आजारी पडण्यापूर्वीच आजाराचे पैसे भरावयाचे, हे अपशकुनी नव्हे काय?’ या बोलण्यात श्रद्धा आहे, परंतु ती अपुरी आहे. उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. सुकाळाच्या सात वर्षांत मिसर देशातील पिकाचा पाचवा हिस्सा त्याने कोठारांत साठवून ठेवला, आणि त्या धान्यावर दुष्काळाच्या सात वर्षांत केवळ मिसरच नव्हे, तर त्याचा स्वतःचा बाप आणि भाऊही जगले. योसेफाने ती कोठारे बांधली म्हणून त्याची श्रद्धा उणी ठरली नाही. दुष्काळाची सूचना देवाने दिली आणि कोठार बांधण्याची बुद्धीही देवानेच दिली.

चांगल्या शोमरोन्याचा दाखलाही या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. वाटेत घायाळ पडलेल्या माणसाच्या जखमा त्याने बांधल्या, एवढ्यावर तो थांबला नाही. त्याला उतारशाळेत नेले, तेथील मालकाच्या हाती दोन दिनार ठेवले आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना तोही देईन असे वचन दिले. दयेच्या त्या कृत्यात औषध होते, तसाच पैशाचा हिशेबही होता. रोग्याच्या उशाशी बसून डोळे पुसणे ही दया होय. परंतु त्याचे बिल कोण भरणार, याचा विचार करणे हीही दयाच होय.

आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण तर या बाबतीत स्पष्ट आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ हे कामगारांविषयीचे परिपत्रक काढले. कामकरी माणसांनी परस्परसाह्याच्या संस्था काढाव्यात, आणि अपघात, आजार, म्हातारपण यांसाठी त्यांत तरतूद असावी, असे त्यांनी त्यात आवर्जून प्रतिपादन केले. २०२५ साली निवडून आलेल्या पोप चौदावे लिओ यांनी आपले नाव निवडताना याच परिपत्रकाची आठवण ठेवल्याचे सांगितले. म्हणजे वर्गणी भरून एकमेकांचे दुखणे वाटून घेणे, ही आमच्यासाठी नवी किंवा परकी गोष्ट नव्हे.

शंभर घरांची एक शिदोरी

विमा या शब्दाने गोंधळून जाण्याचे कारण नाही. समजा, एखाद्या गावात दोनशे घरे आहेत आणि प्रत्येक घर वर्षाला पाचशे रुपये एका पेटीत टाकते. पेटीत एक लाख रुपये जमतात. त्या वर्षी एका घरात ऐंशी हजारांची शस्त्रक्रिया निघाली, तर ती पेटीतून होते. उरलेल्या एकशे नव्याण्णव घरांना वाटेल, की आपले पाचशे रुपये वाया गेले. परंतु ज्या घरावर त्या वर्षी पाळी आली, त्याला विचारा! आणि पुढल्या वर्षी पाळी कोणाची, हे कोणास ठाऊक आहे? ज्याला दुखणे आले नाही त्याचे पैसे बुडाले नाहीत. ते शेजाऱ्याच्या कामी आले. नोंदणीसाठी ठराविक दिवस का असतात, याचे उत्तरही यातच आहे. घराला आग लागल्यावर पेटीत पैसे टाकून दुसऱ्या दिवशी ते दसपटीने मागू दिले, तर पेटी महिन्याभरात रिकामी होईल. म्हणून सर्वांनी निरोगी असतानाच, एका ठरलेल्या मुदतीत वर्गणी भरावी, असा दंडक असतो.

अशा पेटीची सवय आपल्या प्रदेशाला जुनी आहे. गदग भागातील कणगिनहाळ येथे १९०५ साली शेतकऱ्यांची सहकारी पतसंस्था निघाली. १९०४ च्या कायद्यान्वये देशात प्रथम निघालेल्या संस्थांत तिचा मान मोठा आहे, आणि सिद्धनगौडा पाटील हे तिचे प्रवर्तक होत. १९०९ साली छोटा नागपुरात येशूसंघीय फादर हॉफमन यांनी आदिवासी श्रद्धावंतांसाठी कॅथोलिक सहकारी पतसंस्था स्थापिली आणि सावकाराच्या पाशातून अनेकांना सोडविले. वसईच्या मराठी ख्रिस्ती बांधवांनी १९१८ साली आपली कॅथोलिक सहकारी संस्था उभारली. ती आज मोठी बँक म्हणून नांदत आहे. कर्जाची पेटी जर एकत्र ठेवता येते, तर दुखण्याची पेटी एकत्र का ठेवू नये?

हाच विचार कर्नाटकात यशस्विनी योजनेच्या रूपाने आला. बंगळूरचे हृदयशल्यविशारद डॉ. देवी शेट्टी यांनी ही कल्पना मांडली, राज्याच्या सहकार खात्याने ती उचलली आणि २००३ साली ती प्रत्यक्षात आली. सहकारी संस्थेचा सभासद असलेल्या शेतकऱ्याने माणशी वर्षाला ६० रुपये, म्हणजे महिन्याला अवघे पाच रुपये भरावयाचे आणि शस्त्रक्रियेची वेळ आल्यास ठरलेल्या रुग्णालयात ती फुकट करून घ्यावयाची, असे तिचे प्रथमचे स्वरूप होते. पहिल्याच वर्षी सुमारे सोळा लक्ष लोकांनी नावे घातली. २०१८ साली ही योजना ‘आरोग्य कर्नाटक’ योजनेत विलीन झाली. परंतु सहकारी सभासदांची मागणी टिकून राहिली आणि २०२२ च्या नोव्हेंबरपासून तिची नोंदणी पुन्हा सुरू झाली. १ जानेवारी २०२३ पासून उपचारही सुरू झाले.

आपल्यापुढे कोणती दारे उघडी आहेत

निवड करावयाची तर पर्याय नीट माहीत हवेत. आमच्या भागातील कुटुंबापुढे सामान्यतः चार दारे असतात.

पहिले दार शिधापत्रिकेचे. ज्यांच्याजवळ दारिद्र्यरेषेखालील, म्हणजे बीपीएल शिधापत्रिका आहे, त्यांना ‘आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक’ योजनेखाली कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात, आणि त्यासाठी वर्गणी भरावी लागत नाही. ज्यांच्याजवळ दारिद्र्यरेषेवरील एपीएल शिधापत्रिका आहे, त्यांनाही ही योजना लागू आहे. पण सरकार ठरलेल्या दराच्या केवळ तीस टक्के रक्कम देते, तीही वर्षाला कुटुंबामागे दीड लाखापर्यंत. उरलेले सत्तर टक्के रोग्यानेच द्यावयाचे. या दाराची एक अट नेहमी विसरली जाते. रोग्याने आधी सरकारी दवाखान्यात जावयाचे असते. तेथे उपचाराची सोय नसेल, तर तेथील डॉक्टर चिठ्ठी देतात आणि ती चिठ्ठी घेऊन यादीतील मोठ्या रुग्णालयात जाता येते. केवळ तातडीच्या ठराविक प्रसंगी चिठ्ठीवाचून थेट जाण्याची मुभा आहे. चिठ्ठी न घेता थेट खाजगी दवाखान्यात गेलेल्या माणसाला पुढे कार्ड दाखवून उपयोग होत नाही.

दुसरे दार यशस्विनीचे. त्यासाठी घरातील माणूस कोणत्या तरी सहकारी संस्थेचा सभासद असला पाहिजे. शेती सोसायटी, दूध संस्था, बचत गट अशा संस्थांतून नावे घेतली जातात. योजना पुन्हा सुरू झाली तेव्हा ग्रामीण भागात चार माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ५०० रुपये आणि त्यावरील प्रत्येक माणसामागे १०० रुपये अशी वर्गणी ठरली. शहरी भागात चारजणांना १,००० आणि पुढील प्रत्येकास २०० रुपये. उपचाराची मर्यादा कुटुंबाला वर्षाकाठी पाच लाख रुपये. म्हणजे आजी-आजोबा, मुलगा-सून आणि तीन नातवंडे असे सात माणसांचे घर असेल, तर ५०० अधिक ३०० मिळून ८०० रुपये झाले. वर्गणी आणि तारखा यांत सरकार वेळोवेळी फेरफार करू शकते, म्हणून त्या त्या वर्षीचा फळ्यावरील कागदच प्रमाण मानावा. या योजनेत सामान्य कक्षातील खाट मिळते. स्वतंत्र खोली हवी असल्यास जादा पैसे आपले आपण द्यावयाचे. साध्या तापखोकल्याच्या गोळ्या तिच्यात बसत नाहीत. ती रुग्णालयातील ठराविक उपचार आणि शस्त्रक्रिया यांसाठी आहे.

येथे आमच्या काही घरांस एक गोष्ट स्पष्ट सांगणे अवश्य आहे. यशस्विनीत अनुसूचित जाती व जमातींच्या सभासदांची वर्गणी सरकार भरते. परंतु राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशान्वये अनुसूचित जातीत प्रथम केवळ हिंदूंची गणना झाली, १९५६ साली शिखांची आणि १९९० साली बौद्धांची भर पडली. ख्रिस्ती कुटुंबे अद्यापि त्यात नाहीत. त्यामुळे शेजारच्या घराला जी सूट मिळते, तीच आपल्याला मिळेल अशा समजुतीवर आपल्यापैकी कोणी विसंबून राहू नये. या अन्यायाविरुद्ध आपल्या महागुरूंनी वेळोवेळी आवाज उठविला आहे आणि तो उठविला जाईलच. पण नोंदणीची तारीख त्यासाठी थांबत नाही. आपली वर्गणी आपण वेगळी काढून ठेवावी, हेच शहाणपणाचे.

तिसरे दार नोकरीचे. घरातील मुलगा किंवा मुलगी इचलकरंजी, कोल्हापूर, निपाणी वा बेळगाव येथील कारखान्यात कामाला असेल आणि पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर कर्मचारी राज्य विमा योजना, जिला लोक ‘ईएसआय’ म्हणून ओळखतात, ती लागू होते काय, याची चौकशी करावी. १९४८ च्या कायद्याने ही योजना निर्माण झाली. तिच्यात पगाराच्या पाऊण टक्का कामगाराकडून आणि सव्वातीन टक्के मालकाकडून कापले जातात, आणि कामगाराबरोबर त्याच्यावर अवलंबून असणाऱ्या कुटुंबीयांनाही उपचार मिळतात. पगारातून पैसे कापले जात असताना घरच्या म्हाताऱ्या आईचे नाव कार्डावर घातलेलेच नाही, असे घडू देऊ नये. निपाणी भाग तंबाखू-विडीसाठी प्रसिद्ध आहे. विडी वळणाऱ्या बायांसाठी १९७६ च्या विडी कामगार कल्याण निधी कायद्याखाली ओळखपत्र मिळते, आणि ते ज्यांनी काढलेले नाही त्यांनी अवश्य काढावे.

चौथे दार खाजगी विमापत्राचे. याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

सीमेवरील घराची विशेष अडचण

बंगळूर-म्हैसूरकडील कुटुंबाला जो प्रश्न पडत नाही, तो आम्हां सदलगा-निपाणी भागातील लोकांना पडतो. आपले राज्य कर्नाटक, कार्डे कर्नाटकाची. पण दुखणे वाढले की गाडी मिरज किंवा कोल्हापूरच्या वाटेला लागते. ही वाट आजची नव्हे. अमेरिकन मिशनचे डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभारले, तेव्हापासून कृष्णा-दूधगंगेच्या काठचे रोगी तिकडे जात आले आहेत. भाषा ओळखीची, नातलग जवळ आणि रस्ता सरळ. परंतु योजनेचे कार्ड नात्याकडे पाहत नाही. ते रुग्णालयांच्या यादीकडे पाहते.

म्हणून नोंदणीपूर्वीच विचारावयाचा पहिला प्रश्न हा, की या योजनेच्या यादीत आपल्याला गाठता येईल असे रुग्णालय कोणते? बेळगावचे कोणते, चिकोडीचे कोणते आणि सीमेपलीकडील एखादे आहे काय? पाच लाखांचे कार्ड खिशात आहे, पण यादीतील रुग्णालय रात्री दोन वाजता गाठता येण्यासारखे नाही, तर त्या पाच लाखांचा उपयोग काय? यादी दरवर्षी बदलू शकते; म्हणून गतवर्षीच्या माहितीवर विसंबू नये. योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र नावाचा कर्मचारी नेमलेला असतो. आयुष्मान योजनेचा माहितीचा दूरध्वनी क्रमांक १४५५५ असा आहे. शेजारची शिकलेली पोरे मोबाईलवर यादी काढून देऊ शकतात. ती एका कागदावर मराठीत उतरवून घरात भिंतीला लावावी.

याच प्रश्नातून २०२३ साली एक नवी गोष्ट घडली. महाराष्ट्र शासनाने आपल्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ कर्नाटकातील ८६५ मराठीभाषिक गावांतील कुटुंबांस देण्याचे ठरविले, आणि कर्नाटक सरकारने त्याला आक्षेप घेतला. सीमावादाचा दावा महाराष्ट्राने २००४ सालीच सर्वोच्च न्यायालयात नेलेला आहे. त्याच्या गुणदोषांत शिरणे हे या लेखाचे काम नव्हे. खाटेवर पडलेल्या माणसाला दोन सरकारांच्या भांडणाशी कर्तव्य नसते; त्याला औषध हवे असते. आपल्या गावाचे नाव त्या यादीत आहे काय आणि कागद कोणते लागतात, हे कोल्हापूर वा सांगलीकडील योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारून ठेवावे. मात्र त्या आशेवर सोसायटीतील नोंदणी सोडून देऊ नये. एका दाराच्या भरवशावर दुसरे दार लावून घेणे शहाणपणाचे नाही.

खाजगी विमापत्र घेताना

ज्यांची मुले पुण्या-मुंबईला किंवा आखाती देशांत नोकरीला आहेत, त्यांच्या घरी विमा कंपनीचा एजंट येतो. हप्ता हजारांत असतो आणि कागद वीस पानांचा. येथे डोळे उघडे ठेवावे लागतात.

प्रथम, जुने दुखणे. मधुमेह, रक्तदाब, दमा यांसारखा विकार आधीपासून असेल, तर कंपनी त्याचा खर्च काही काळ देत नाही. हा थांबण्याचा काळ पूर्वी चार वर्षांपर्यंत असे. २०२४ पासून तो तीन वर्षांहून अधिक ठेवता येत नाही. याशिवाय विमापत्र घेतल्यानंतरचे पहिले तीस दिवस, अपघात सोडल्यास, सामान्यतः काहीही मिळत नाही. तेव्हा आज घेतलेले विमापत्र उद्याच्या शस्त्रक्रियेला उपयोगी पडेल, अशी भाबडी आशा धरू नये.

काही एजंट कानात सांगतात, ‘साखर आहे हे लिहू नका, हप्ता वाढेल.’ वाचकहो, या मोहाला बळी पडू नका. खोटे लिहून देणे हे आठव्या आज्ञेच्या विरुद्ध आहेच. शिवाय ते व्यवहारातही घातक आहे. लपविलेला आजार तपासणीत उघडकीस आला की कंपनी दावा फेटाळते, आणि वर्षानुवर्षे भरलेले हप्ते पाण्यात जातात. सलग पाच वर्षे विमा चालू राहिल्यावर कंपनीला जुन्या माहितीतील उणिवा काढता येत नाहीत असा नियम आहे. पण फसवणूक सिद्ध झाल्यास ते संरक्षणही राहत नाही. खरे लिहावे आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी.

दुसरे, खोलीभाड्याची मर्यादा. हा मुद्दा एका उदाहरणाने सांगतो. समजा, विमापत्र तीन लाखांचे आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा रोजची तीन हजार रुपये आहे. रोग्याचे नातलग सहा हजारांची खोली घेतात आणि पाच दिवस राहतात. खोलीचे तीस हजार होतात. कंपनी पंधरा हजार देते. लोकांना वाटते, एवढाच तोटा. पण तसे नसते. खोली दुप्पट भाड्याची घेतली म्हणून डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचा आकार अशा खर्चांतही कंपनी त्याच प्रमाणात कपात करू शकते. ते साठ हजार झाले असतील, तर त्यांतील तीसच हजार मिळतील. म्हणजे एका चांगल्या खोलीच्या हौसेपायी पंचेचाळीस हजार रुपये खिशातून गेले. म्हणून रुग्णालयात दाखल होतानाच विचारावे, की आमच्या विम्यात कोणती खोली बसते?

तिसरे, बिलातील आपला हिस्सा. ‘आरोग्य संजीवनी’ या नावाचे एक सर्वसाधारण विमापत्र २०२० पासून विमा कंपन्यांकडे मिळते. त्याच्या अटी सगळीकडे सारख्या असतात, म्हणून गावच्या माणसाला ते समजण्यास सोपे. त्यात प्रत्येक दाव्याचे पाच टक्के आपण भरावयाचे असतात आणि खोलीभाडे विम्याच्या रकमेच्या दोन टक्के, पण दिवसाला पाच हजारांहून अधिक नाही, असे ठरलेले आहे. इतर विमापत्रांत हा हिस्सा वीस टक्केही असू शकतो. विशेषतः म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत. हप्ता कमी का, याचे उत्तर बहुधा अशाच एखाद्या ओळीत दडलेले असते.

चांगल्या बातम्याही आहेत. पासष्ट वर्षांवरील माणसाला नवे विमापत्र नाकारण्याची वयाची अट २०२४ साली उठली. विमापत्र हाती पडल्यापासून तीस दिवसांत ते पसंत नसल्यास परत करता येते. आणि वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर पूर्वी जो अठरा टक्के जीएसटी द्यावा लागे, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला आहे. मात्र नूतनीकरणाची तारीख चुकवू नये. विमा खंडित झाला, तर थांबण्याच्या काळात मोजली गेलेली वर्षे हातची जाण्याचा धोका असतो.

दावा अन्यायाने फेटाळला गेल्यास गप्प बसण्याचे कारण नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी; तीस दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे, नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत, अर्ज करता येतो. त्यासाठी फी नाही आणि वकीलही लागत नाही. विमा नियामकाच्या तक्रार विभागाचा क्रमांक १५५२५५ हा आहे.

कोणत्या घराने काय निवडावे

आमचा विचार थोडक्यात असा. ज्या घरात बीपीएल शिधापत्रिका आहे, त्याने प्रथम आपले आयुष्मानचे कार्ड काढून घ्यावे, सर्वांची नावे आणि आधार जुळतात काय हे पाहावे, आणि सरकारी दवाखान्याच्या चिठ्ठीची वाट माहीत करून घ्यावी. ज्या घरात एपीएल शिधापत्रिका आहे आणि सोसायटीचे सभासदत्वही आहे, त्या मध्यम शेतकऱ्याने यशस्विनीची नोंदणी बहुधा चुकवू नये. तो ना फार गरीब, ना श्रीमंत. सरकारी तीस टक्क्यांनी त्याचे भागत नाही आणि खाजगी हप्ता त्याला झेपत नाही. दुखण्याने सर्वांत लवकर कोसळते ते हेच घर. ज्याचा मुलगा ईएसआयच्या नोकरीत आहे, त्याने नोकरी सुटल्यास काय, हा विचार करून दुसरी सोय हाताशी ठेवावी. ज्यांना ऐपत आहे, त्यांनी खाजगी विमापत्र तरुणपणीच घ्यावे, कारण थांबण्याचा काळ निरोगी वयात संपून जातो.

आणि कोणतीही योजना घेताना, नावे कोणाची घातली हे पाहावे. पुष्कळ घरांत कर्त्या पुरुषाचे व मुलांचे नाव पडते. विधवा चुलती, अविवाहित बहीण, अंथरुणाला खिळलेली आजी राहून जाते. शंभर रुपये वाचविले असे वाटते. परंतु ज्या घरात सर्वांत दुबळ्या माणसाचे नाव शेवटी येते, किंवा येतच नाही, त्या घराने आपला ख्रिस्ती धर्म पुन्हा तपासून पाहिला पाहिजे.

परदेशातही लोकांना अशीच निवड दरवर्षी करावी लागते. अमेरिकेत वृद्धांच्या सरकारी विम्यासाठी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर ही मुदत असते, आणि तिकडे स्थायिक झालेले आपले म्हातारे आईबाप त्या दिवसांत मुलांना बसवून कागद चाळतात. हा चौकसपणा आपणही घ्यावा.

विम्यात न बसणारा खर्च आणि आपले कर्तव्य

कोणताही विमा सर्व खर्च भरून देत नाही. गाडीभाडे, सोबत्याचे जेवण, बुडालेली मजुरी, घरी आल्यावरच्या महिनोमहिनेच्या गोळ्या, हा भार घरावरच पडतो. म्हणून योजनेत नाव असले, तरी उसाचे बिल किंवा दुधाचा पगार आल्यावर थोडी रक्कम दुखण्यासाठी म्हणून बाजूला टाकण्याची सवय ठेवावी. कार्ड, आधार, शिधापत्रिका आणि जुन्या तपासण्यांचे कागद एकाच पिशवीत ठेवावेत, आणि ती पिशवी कोठे आहे, हे घरातील प्रत्येकाला माहीत असावे.

धर्मग्रामालाही येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. व्हिन्सेंट द पॉल संघासारखी मंडळी रोग्यांना भेटतातच. नोंदणीच्या महिन्यात त्यांनी घरोघर एक फेरी घालावी. रविवारच्या मिस्सेनंतर कानडी जाणणाऱ्या तरुणांनी देवळाच्या ओसरीवर टेबल मांडून बसावे, सूचना मराठीत वाचून दाखवावी, अर्ज भरून द्यावेत. एखाद्या विधवेच्या घरची वर्गणी दुसऱ्या घराने भरावी. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली ११ फेब्रुवारी हा जागतिक रुग्ण दिन म्हणून ठरविला, आणि १९९३ पासून लुर्दमातेच्या सणाच्या दिवशी तो आपण पाळतो. त्या दिवशी रोग्यांसाठी मेणबत्त्या लावण्यापूर्वी, त्या रोग्यांची नावे वेळेवर नोंदविली गेली होती काय, हे आपण स्वतःला विचारले, तर आपली प्रार्थना अधिक खरी होईल.

दुखणे येणे आपल्या हाती नाही. त्याने घर मोडू न देणे पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे. या आठवड्यात बाजाराला जाल तेव्हा सोसायटीच्या फळ्यापाशी क्षणभर थांबा. कागद कळला नाही, तर कळणाऱ्या माणसाला विचारा, तारीख लिहून घ्या, आणि परत येताना शेजारच्या घरीही सांगा.